अग्नीच्या वाटेवर हिमाचा मुक्काम

अग्नी आणि हिम यांचे सख्य कोणी पाहिलेले नाही. एकाचे आगमन झाले की दुसऱ्याने निरोप घ्यावा, हाच सर्वांच्या परिचयाचा क्रम. तथापि पृथ्वीच्या पाठीवर अशी काही स्थाने आहेत, की जेथे एके काळी वितळलेला पाषाण नदीप्रमाणे वाहत गेला आणि आज त्याच वाटेवर बर्फ बारमाही वस्तीला आहे. बाहेर उन्हाळ्याची दुपार रणरणत असते, काळ्या खडकावर हात ठेवणे कठीण होते. आणि भूमीच्या पोटात थोड्याशा पायऱ्या उतरताच यात्रिकाच्या श्वासाची वाफ दिसू लागते. आणखी खाली पाहावे तर निळसर-हिरव्या बर्फाची फरशीच पसरलेली! हा हिमालयाचा प्रदेश नव्हे की ध्रुवाजवळचा मुलूख नव्हे. ही आहे ज्वालामुखीने स्वतःच्या हाताने बांधलेली गुहा.

अशा हिमगुहा जगात अनेक ठिकाणी आहेत. आइसलँड, जपान, हवाई बेटे, तसेच अमेरिकेच्या पश्चिमेकडील आयडाहो, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको या राज्यांत त्या आढळतात. त्यांपैकी न्यू मेक्सिकोतील एल मालपाइस या प्रदेशाची कथा विशेष विचार करण्याजोगी आहे; कारण तेथे केवळ निसर्गाचे नवल नाही, तर तहानलेल्या माणसाचा इतिहासही त्या बर्फात गोठून राहिला आहे.

‘एल मालपाइस’ हे नाव स्पॅनिश. त्याचा अर्थ ‘वाईट मुलूख’. घोड्यांवरून आलेल्या स्पॅनिश लोकांना तेथील काळा, धारदार, खुरांना जखमा करणारा खडक पाहून दुसरे नाव सुचले नसावे. ग्रँट्स या गावाच्या दक्षिणेस मैलोगणती पसरलेले हे लाव्ह्याचे पठार एका उद्रेकातून नव्हे, तर अनेक उद्रेकांतून घडले. त्यांतील बांदेरा नावाचा ज्वालामुखी सुमारे १०,००० वर्षांपूर्वी जागा झाला होता. सर्वांत अलीकडचा लाव्हाप्रवाह सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचा मानला जातो. म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने तो अगदी कालचाच. १९८७ मध्ये या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. बांदेरा ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेली हिमगुहा मात्र एका कुटुंबाच्या खासगी मालकीच्या भूमीत असून प्रवाशांसाठी खुली आहे. ती समुद्रसपाटीपासून सुमारे ८,००० फूट उंचीवर आहे. तिच्यातील तापमान उणे अर्ध्या अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, असे तेथील नोंदी सांगतात; आणि तळाशी असलेल्या बर्फाची जाडी सुमारे २० फूट भरते. सर्वांत खालचा थर इ. स. १७० च्या सुमाराचा मानतात.

अग्नीच्या मार्गाची गुहा कशी झाली, हे प्रथम पाहू. बेसाल्ट जातीचा लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तो बराच पातळ असतो. उतारावरून वाहताना त्याचा पृष्ठभाग हवेच्या स्पर्शाने लवकर थिजतो. तापवलेल्या दुधावर साय धरावी तसे हे कवच धरते, आणि मग जाड होत जाते. कवचाखालचा लाव्हा मात्र वाहतच राहतो; कारण वरचा थिजलेला पाषाण हा उष्णतेचा मोठा कृपण, तो आतली उष्णता बाहेर सहजी जाऊ देत नाही. पुढे उद्रेक शांत होतो, वरून येणारा पुरवठा थांबतो, आतला उरलेला रस उताराने निघून जातो, आणि मागे राहते एक लांबलचक पोकळ भुयार. बांदेरातून निघालेली अशी भुयारांची मालिका १७ मैलांहून अधिक लांब आहे. काळाच्या ओघात भुयाराचे छत कोठेकोठे कोसळते आणि भूमीवर खड्डा पडतो. तोच गुहेचा दरवाजा.

आता त्या भुयारात बर्फ का टिकतो? या प्रश्नाने युरोपातील आणि अमेरिकेतील विद्वानांना बराच काळ चकवले होते. पर्वतांत राहणारे लोक सांगत, की गुहेतला बर्फ उन्हाळ्यात तयार होतो आणि हिवाळ्यात वितळतो. हे ऐकून कोणी गुहेत क्षार आहेत म्हणून थंडावा होतो असे म्हटले, तर कोणी भूमीखालील गूढ वायूंची कल्पना केली. एडविन स्विफ्ट बाल्च या अमेरिकन अभ्यासकाने अनेक हिमगुहांना स्वतः भेटी दिल्या आणि १९०० मध्ये या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष साधा होता : गुहेतला बर्फ हा हिवाळ्याच्या थंडीचाच आहे, दुसऱ्या कशाचा नाही. आश्चर्य थंडी निर्माण होण्याचे नसून थंडी साठून राहण्याचे आहे.

ही साठवण कशी होते ते समजण्यास अवघड नाही. थंड हवा जड असते, उष्ण हवा हलकी. हिवाळ्याच्या रात्री बाहेरची गोठवणारी हवा खड्ड्याच्या तोंडातून आत उतरते आणि भुयाराच्या तळाशी जाऊन बसते. आतली किंचित उबदार हवा वर निघून जाते. महिनोन्‌महिने हा व्यवहार चालतो आणि गुहेच्या भिंती आतपर्यंत गारठतात. पुढे उन्हाळा येतो. बाहेरची हवा तापते, म्हणून हलकी होते. ती खाली उतरून जड हवेला हुसकावू शकत नाही. विहिरीत साठलेल्या पाण्याप्रमाणे थंड हवा त्या खोलगट जागेत साठून राहते. वर खडक आहे तो सच्छिद्र बेसाल्टचा. त्यातील असंख्य बारीक पोकळ्यांत हवा अडकलेली असल्यामुळे तो उष्णतेला वाट देत नाही. जो पाषाण एके काळी आतला अग्नी बाहेर जाऊ देत नव्हता, तोच आता बाहेरचे ऊन आत येऊ देत नाही. गुण एकच, त्याने आधी अग्नीचे रक्षण केले, आता तो हिमाचे रक्षण करतो.

राहिला प्रश्न पाण्याचा. वसंत ऋतूत बाहेरचा बर्फ वितळतो आणि त्याचे पाणी खडकाच्या भेगांतून थेंबाथेंबाने गुहेत झिरपते. गुहेच्या भिंतींत हिवाळ्याची थंडी अजून मुरलेली असते, त्यामुळे हे पाणी उतरताच गोठते. म्हणजे बाहेर झाडांना पालवी फुटत असताना आत बर्फ वाढत असतो! लोकांनी जे पाहिले ते खरेच होते. त्याचे कारण तेवढे चुकीचे लावले गेले. सामान्य माणसाचे निरीक्षण आणि विद्वानाचे स्पष्टीकरण यांची अशी गाठ पडली, की दोघांचाही मान राहतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हा काळा पाषाण परका नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यांतूनच सह्याद्रीचा कातळ घडला. याच बेसाल्टमध्ये कारागिरांनी वेरूळची लेणी कोरली. तेथील ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी आणि त्यांतील इंद्रसभा पाहिली नाही असे श्रावक-कुटुंब विरळाच. वैशाखातील उन्हात लेण्यांच्या दर्शनास गेलेल्या भाविकाला आतल्या गाभाऱ्यात पाऊल टाकताच जो थंडावा जाणवतो, त्याचे कारण बऱ्याच अंशी हेच आहे : जाड पाषाण दिवसाची उष्णता आतपर्यंत पोहोचू देत नाही. मग वेरूळला बर्फ का नाही? कारण पाषाण केवळ साठवू शकतो, निर्माण करू शकत नाही. दख्खनच्या हिवाळ्यात गोठवणारी थंडी नाही, म्हणून साठवायला थंडावाच तेवढा मिळतो. शिवाय वेरूळची लेणी डोंगराच्या कड्यात समोरून कोरलेली आहेत. थंड हवा जेथे उतरून अडकेल, अशी ती खोल विहीर नव्हे. हिमगुहेला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : कडक हिवाळा, खाली उतरणारे अरुंद तोंड, आणि झिरपणारे थोडे पाणी. यांपैकी एक जरी उणी पडली तरी बर्फ राहत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील कथेचे मर्म तेच आहे.

एल मालपाइसचा मुलूख कोरडा आहे. पाऊस थोडा, आणि जो पडतो तो सच्छिद्र लाव्ह्यातून तत्काळ खाली जिरून जातो. त्यामुळे भूमीवर ओढे-तळी जवळपास नाहीत. तरीही या मुलखातून माणसे शतकानुशतके ये-जा करीत आली. आकोमा आणि झुनी या दोन प्राचीन वस्त्यांना जोडणारी पायवाट याच लाव्ह्यावरून जाते. दगडांच्या लहान राशी रचून ती दाखवलेली आहे, आणि भेगा ओलांडण्यासाठी जागोजाग दगड भरून सेतू केलेले आहेत. या लोकांच्या पूर्वजांना इतिहासकार ‘प्राचीन पुएब्लो’ म्हणतात. ‘पुएब्लो’ म्हणजे गाव. मका, घेवडा आणि भोपळा पिकवून जगणारे हे शेतकरी पावसावर सर्वस्वी अवलंबून होते. अवर्षणाचे दुःख मराठवाड्यातील किंवा माणदेशातील शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. त्या दूरदेशीच्या शेतकऱ्याचेही दुःख तेच होते.

दुष्काळात त्यांनी पाणी कोठून आणले असेल? या प्रश्नाचे एक उत्तर २०२० मध्ये समोर आले. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातील बोग्दान ओनाक यांच्या नेतृत्वाखाली अभ्यासकांच्या एका गटाने एल मालपाइसमधील एका लाव्हा-भुयारात संशोधन केले. नोंदींत त्या गुहेला ‘गुहा क्रमांक २९’ एवढेच नाव आहे. भुयाराच्या तळाशी उरलेल्या बर्फातून त्यांनी सुमारे ५९ सेंटिमीटर लांबीचा एक दंडगोल काढला. अभ्यासकांचा मूळ हेतू जुन्या हवामानाचा शोध घेण्याचा होता. परंतु बर्फाच्या थरांमध्ये त्यांना कोळसा आणि राख सापडली. गुहेत मातीच्या भांड्याचे खापरही मिळाले. अंधाऱ्या गुहेच्या तळाशी, बर्फाच्या अगदी जवळ, कोणीतरी वारंवार चूल पेटवली होती.

ती चूल ऊब घेण्यासाठी नव्हती आणि अन्न शिजवण्यासाठीही नव्हती. ती बर्फ वितळवून पाणी करण्यासाठी होती, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. कोळशाचे वय किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने काढले, तेव्हा इ. स. १५० ते ९५० या सुमारे आठशे वर्षांच्या काळात पाच वेळा अशा चुली पेटल्याचे दिसून आले. ते पाचही काळ अवर्षणाचे होते. याची पडताळणी करण्यास एक निराळा साक्षीदार तेथेच उभा होता : लाव्ह्याच्या खडकावर वाढलेले जुने वृक्ष. पावसाळी वर्षी वृक्षाच्या खोडातील वलय रुंद होते, कोरड्या वर्षी अरुंद. हेन्री ग्रिसिनो-मेयर या अभ्यासकाने एल मालपाइसमधील वृक्षवलयांवरून गेल्या दोन हजारांहून अधिक वर्षांच्या पावसाचा आलेख १९९० च्या दशकात तयार केला होता. वृक्षांनी आपल्या देहात लिहिलेला हिशेब आणि बर्फाने आपल्या पोटात जपलेली राख, असे दोन साक्षीदार एकमेकांशेजारी ठेवता आले.

त्या राखेतून एक दृश्य उभे राहते. पाऊस हुलकावणी देऊन गेला आहे, भूमीवरची पाण्याची ठिकाणे आटली आहेत. घरातील कोणी बाई किंवा गडी, काखेला मडके, हातात जळते लाकूड घेऊन, काळ्या खडकांवरून तोल सांभाळीत त्या भुयारात उतरते आहे. आत काळोख आहे, पाय घसरतो आहे, धुराने डोळे चुरचुरत आहेत. सरपणही वरूनच आणावे लागत असणार. लहानशी चूल पेटते, बर्फाचे थेंब गळू लागतात, मडक्यात पाणी साठते. तेवढे पाणी घेऊन ते माणूस पुन्हा उन्हात येते. एका मडक्यासाठी एवढे श्रम! नळाची तोटी फिरवणाऱ्या हाताला त्या मडक्याचे मोल कळणे कठीण आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अभ्यासकांच्या मते त्या चुली लहान आणि आटोक्यातल्या होत्या. हे लोक बर्फाला केव्हा हात लावीत? गरजेच्या काळी. किती घेत? मडक्यात मावेल तेवढे. त्यांना हवेच्या घनतेचे शास्त्र ज्ञात होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्यांच्या आठशे वर्षांच्या वापरानंतरही तो बर्फ संशोधकांना पाहण्यास शिल्लक राहिला, हे मात्र सत्य आहे.

पुढे काळ पालटला. त्याच प्रदेशातील बांदेरा गुहेतून वसाहतकारांनीही बर्फ कापून नेला. हे बर्फ काढणे १९४६ मध्ये थांबले, तेव्हा मागील बाजूस उरलेली बर्फाची भिंत जवळजवळ १२ फूट उंच होती. त्यानंतर पाणी झिरपून गोठत गेले आणि तळाची फरशी वर चढू लागली. तेथे गुहेचे तोंड व आकार पूर्ववत राहिला होता, म्हणून झालेली तूट भरून येऊ लागली.

शेकडो मैल उत्तरेकडील आयडाहो राज्यात मात्र निराळे घडले. तेथे शोशोन नावाच्या गावाच्या उत्तरेस लाव्हा-भुयारात एक मोठी हिमगुहा आहे. रेल्वेमुळे गाव भरभराटीस आले, आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या त्या गावाला गुहेतील बर्फाचा फार मोठा आधार वाटू लागला. बर्फ कापून गावात नेला जाई; त्याने पेये थंड होत, अन्न टिके. येथपर्यंतही गुहेने सहन केले. पुढे १९३० च्या दशकात गुहा प्रवाशांसाठी अधिक सोयीची करावी, असा विचार झाला. वाट अरुंद होती, ती मोकळी करण्यात आली. आडवे पडलेले दगड हलवले गेले, तोंड मोठे झाले. हेतू वाईट नव्हता. अधिक लोकांनी हे नवल सुखाने पाहावे, एवढाच तो होता. परंतु ते दगड निरुपयोगी नव्हते. गुहेत हवा किती यावी, कोणत्या बाजूने यावी, याचे नियमन तेच करीत होते. ते हलताच गुहेत वारा खेळू लागला. उबदार हवेला आत येण्यास वाट मिळाली, आणि शतकांचा बर्फ वितळू लागला. पाहता पाहता हिमगुहा ही नुसती गुहा झाली.

ही कथा येथेच संपली असती तर ती केवळ शोकाची कथा ठरली असती. परंतु १९५० च्या दशकात रसेल रॉबिन्सन या स्थानिक गृहस्थाने गुहा पुन्हा जिवंत करण्याचे मनावर घेतले. त्यांच्यापाशी बर्फ तयार करण्याचे यंत्र नव्हते, आणि त्याची आवश्यकताही नव्हती. बर्फ का गेला, हे त्यांनी समजून घेतले : वाऱ्याची वाट बदलली म्हणून. तेव्हा उपायही तोच. नको असलेली वाट बंद करणे आणि गुहेतील हवेचा प्रवाह पुन्हा आवरणे, या कामामागे ते लागले. हवा आवरली, हिवाळ्याची थंडी पुन्हा आत साठू लागली, पाणी झिरपले, गोठले, आणि बर्फ परतला. आज त्या गुहेत प्रवासी पुन्हा बर्फ पाहतात. माणसाच्या हातून बिघडलेले माणसाच्याच हातून सुधारले; मात्र सुधारण्यासाठी काही नवे करावे लागले नाही, केलेले मागे घ्यावे लागले.

जपानमधील फुजी पर्वताच्या परिसरातही अशा गुहा आहेत. इ. स. ८६४ मध्ये फुजीच्या कुशीतून मोठा उद्रेक झाला. त्याच्या लाव्ह्याने एका विस्तीर्ण सरोवराचा बराच भाग भरून टाकला आणि उरलेल्या पाण्याची निराळी सरोवरे झाली. लाव्हा थिजला, त्यावर माती धरली, आणि आज तेथे आओकिगाहारा नावाचे घनदाट अरण्य उभे आहे. त्या अरण्याखाली नारुसावा नावाची हिमगुहा आहे. ती सुमारे १५० मीटर लांब असून तिच्यातील सरासरी तापमान ३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. जवळच फुगाकू नावाची दुसरी थंड गुहा आहे. विजेची शीतगृहे येण्यापूर्वी तेथील लोक रेशीमकिड्यांची अंडी व झाडांची बी-बियाणी या गुहेत ठेवीत, म्हणजे अंडी अकाली उबत नसत आणि बियाणे टिकून राही. निसर्गाचे हे शीतगृह इंधनावाचून चालत होते.

हिमगुहेचा उपयोग केवळ माणसालाच होतो असे समजणे मात्र योग्य नव्हे. गुहेच्या तोंडाशी जेथे ओलावा आणि अर्धवट प्रकाश असतो, तेथे शेवाळाचे हिरवे गालिचे वाढतात. भोवतालच्या कोरड्या मुलखात त्यांना दुसरा आश्रय नाही. बांदेरा गुहेतील बर्फाला जी हिरवट छटा आहे, तीही सूक्ष्म शैवालामुळे. काही लाव्हा-भुयारांत वटवाघुळे हिवाळाभर निद्रिस्त राहतात. त्या काळात त्यांच्या शरीराची उष्णता उतरते, श्वास मंदावतो आणि साठवलेल्या चरबीवर ती वसंतापर्यंत तग धरतात. माणसाच्या आवाजाने किंवा दिव्याने त्यांची झोप मोडली, तर ती साठवण अकाली संपते आणि जीव जातो. २००६ मध्ये अमेरिकेच्या पूर्वेकडे वटवाघुळांमध्ये एका बुरशीचा रोग प्रथम आढळला. त्याने पुढे लाखो वटवाघुळे मेली. ही बुरशी माणसाच्या कपड्यांतून आणि बुटांतूनही एका गुहेतून दुसरीत जाऊ शकते. म्हणून एल मालपाइसच्या गुहांत उतरण्यापूर्वी परवाना घ्यावा लागतो आणि पादत्राणांची विचारपूस होते. एका मुक्या जीवासाठी पाहुण्याने उंबऱ्यावर क्षणभर थांबावे, हा नियम कोणालाही जाचक वाटू नये.

आता या गुहांपुढे जे संकट आहे ते दगड हलवण्यापेक्षा मोठे आहे. कॅलिफोर्नियातील लाव्हा बेड्स या राष्ट्रीय स्मारकात मेरिल नावाची हिमगुहा आहे. तिच्या तळाशी बर्फाची विस्तीर्ण फरशी होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या फरशीला भगदाड पडले आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती नाहीशी झाली. गुहेचे नाव राहिले, नावाचे कारण गेले. गुहा क्रमांक २९ मधील बर्फही वितळत असल्याचे ओनाक यांच्या गटाने नोंदवले आहे. येथे एक विलक्षण पेच उभा राहतो. बर्फ वितळतो आहे म्हणूनच आतली राख व खापर उघडे पडत आहेत, म्हणूनच प्राचीन चुलींची वार्ता माणसाला कळली. आणि बर्फ वितळतो आहे म्हणूनच उरलेली वार्ता कायमची पुसली जाणार आहे. ग्रंथ उघडतो आहे, पण वाचून झालेले पान लगेच पाण्यात विरते आहे.

शोशोनचा बर्फ परत आला, कारण तेथे चूक गुहेच्या तोंडाशी झाली होती आणि ती तेथेच दुरुस्त करता आली. जेथे हिवाळाच सौम्य होत चालला आहे, तेथे तोंड बंद करून काय होणार? गुहा थंडी साठवते, निर्माण करीत नाही. वरच्या जगाने तिला थंडी दिलीच नाही, तर ती बिचारी कोठून आणणार? शिवाय नवा बर्फ गोठला तरी तो आजचा असेल, इ. स. १५० मधील चुलीची राख त्यात नसेल. तूट भरून निघू शकते, स्मृती भरून निघत नाही.

तथापि हताश होऊन बसणे हे या कथेचे सार नाही. शोशोनच्या गृहस्थाने दाखवून दिले, की कारण नेमके कळले तर उपायही साधा असू शकतो. प्राचीन पुएब्लोंनी दाखवून दिले, की गरजेपुरते घेणाऱ्याला निसर्ग पुन्हा पुन्हा देत राहतो. घरातील एखादी खिडकी, अंगणातील एखादे झाड, शिवारातील एखादा बांध किंवा जुनी विहीर यांकडे ‘यांचा काय उपयोग’ असे म्हणून पाहण्यापूर्वी गुहेच्या तोंडाशी पडलेल्या त्या दगडांची आठवण व्हावी. ते कोणी रचले नव्हते, कोणी त्यांची गणती केली नव्हती, आणि वाटेत अडचण करण्यापलीकडे ते काही करीत आहेत असे कोणालाही वाटले नव्हते. शतकांचा बर्फ मात्र त्यांच्याच आधाराने टिकून होता.